रंजनाच्या नावावर

रविवार, १९ जानेवारी १९९७. सकाळी साडेदहाच्या सुमारास सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका प्राथमिक शाळेत, चौथीच्या वर्गात, धुरपदाबाई सुपडू कोळी, वय अंदाजे अठ्ठेचाळीस, या रंजना गजेंद्र पाटील, वय अठ्ठावीस, म्हणून तपासणीच्या टेबलावर झोपल्या. डॉक्टरबाईंनी तपासलं, काचेच्या पट्टीवर नमुना घेतला आणि पुढच्या बाईला पाठवा म्हणून सांगितलं.

त्याआधी दारातल्या टेबलावर वय लिहिणाऱ्या मुलीनं एकदा मान वर करून पाहिलं होतं. धुरपदाबाई म्हणाल्या, “कष्टाचं शरीर आहे, बेन.” मुलीनं अठ्ठावीस लिहिलं.

बाहेर पडताना प्रत्येक बाईला झाकणाचा एक स्टीलचा डबा मिळत होता. झाकणावर ट्रस्टचं नाव कोरलेलं होतं. धुरपदाबाईंना तो मिळाला.

शिबिर ज्या ट्रस्टचं होतं, तो ट्रस्ट एका मिलमालकाच्या कुटुंबाचा. मिल म्हणजे साड्या रंगवायचा आणि छापायचा कारखाना. खानदेशातली निम्मी गावं तिथं कामाला. मालकाची आई दोन वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली होती. डॉक्टरांनी मुलांना सांगितलं होतं की पाच-सहा वर्षं आधी साधी तपासणी झाली असती तर म्हातारी आज जिवंत असती. मुलांनी आईच्या नावानं इस्पितळात एक विभाग काढला आणि कामगारांच्या बायकांपासून सुरुवात करायची ठरवली. कामगारांच्या बायकांना हे कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं काम भागीरथीबाईंकडे आलं.

भागीरथी ठाकरे मूळच्या यवतमाळकडच्या. ट्रस्टच्या इस्पितळात आरोग्य सेविका. शिबिराआधी त्या गल्लीगल्लीत फिरल्या. त्यांच्या पिशवीत कणकेचा गोळा असे आणि गोळ्यात एक हरभरा लपवलेला असे. बाया जमल्या की त्या गोळा हातोहात फिरवत आणि हरभरा कुठे लागतो ते बोटांनी चाचपून सांगायला लावत. छातीतली गाठ अशीच लागते, दुखत नाही म्हणून सोडून द्यायची नाही, असं त्या सांगत. बायांना हा खेळ आवडला. हरभरा सगळ्यांना सापडला. पुढचे काही दिवस गल्लीत पोळ्या लाटताना कोणी कणीक जास्त वेळ मळली की शेजारीण विचारी, “काय, गाठ सापडनी का?”

खालच्या तपासणीबद्दल मात्र कोणी विनोद केला नाही. त्याबद्दल बातम्या पसरल्या. एक बातमी अशी की पुरुष डॉक्टर येणार आहे. दुसरी अशी की जिच्यात काही सापडेल तिची पिशवी जागेवर काढून टाकतात. तिसरी अशी की हे सगळं निमित्त आहे, सरकारचा कोटा भरायचा आहे, आणि तपासता तपासता तांबी बसवून देतात, बाईला कळतही नाही. प्लेगच्या वर्षी तोंडाला फडकी बांधलेली माणसं गोळ्या वाटायला आली होती, तेव्हाही त्या गोळ्यांबद्दल हेच बोललं गेलं होतं. भागीरथीबाईंनी तिन्ही बातम्या खोट्या असल्याचं प्रत्येक गल्लीत सांगितलं. त्यामुळे ज्या गल्लीत बातम्या पोचल्या नव्हत्या तिथंही त्या पोचल्या.

रंजनाचा विश्वास तिसऱ्या बातमीवर बसला. तिला सहा वर्षांची एक मुलगी होती. दुसरं मूल राहत नव्हतं. सासू सरलाबाई याबद्दल काही बोलत नसत, फक्त दर महिन्याला रंजना बाजूला बसली की देवळात जाऊन येत. अशात कोणी न सांगता तांबी बसवली तर उरलीसुरली आशाही गेली, असा रंजनाचा हिशेब होता.

पण न जाणं शक्य नव्हतं. गजेंद्र मिलमध्ये रंगाच्या यंत्रावर होता. चार वर्षं तात्पुरता. त्या उन्हाळ्यात काही माणसं कायम करणार अशी बोलवा होती. खात्याच्या मास्तरनं सगळ्यांना सांगितलं होतं की शेठ स्वतः शिबिराला येणार आहेत, आपल्या खात्याची एकही बाई कमी दिसता कामा नये. गजेंद्रनं मान हलवली होती. घरी येऊन त्यानं रंजनाला रविवारी जायचं आहे एवढंच सांगितलं. कशाला, हे सांगायला तो लाजला. तिनंही विचारलं नाही, कारण तिला ठाऊक होतं.

वाट सापडली ती मिलच्याच रीतीनं. पांडेसऱ्यात कामावर न जाता कामावर असण्याची एक जुनी सोय होती. तिला बदली म्हणत. लग्नसराईला किंवा पेरणीला गावी जायचं असेल तर आपल्या पासवर भाऊबंदातला माणूस उभा करायचा. यंत्र चालू राहतं, जागा जात नाही, मास्तरला चेहरा पाहायची सवड नसते. पासवर ज्याचं नाव त्याच नावानं हाक मारली जाते. किसन नावाचा एक जण सुकदेवच्या पासवर सात-आठ महिने राबला आणि पोळ्याला गावी गेला, तेव्हा आईनं किसन म्हणून हाक मारली तर वळला नाही, असं सांगत. यात कोणाला काही गैर वाटत नसे. माणूस अडला की दुसऱ्यानं उभं राहायचं.

धुरपदाबाई शेजारच्या खोलीत राहत. नवरा सुपडू वारल्यावर अमळनेरकडचं गाव सोडून त्या भाच्याकडे आल्या होत्या. दिवसभर साड्यांना टिकल्या चिकटवत. नवरा मिलमध्ये नव्हता, जगातच नव्हता, त्यामुळे शिबिराच्या यादीत त्या बसत नव्हत्या. भागीरथीबाईंच्या कणकेच्या गोळ्याभोवती मात्र त्या दोनदा येऊन बसल्या होत्या. पहिल्या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या वेळी विचारलं की ज्यांची पाळी गेली आहे त्यांनाही तपासतात का. भागीरथीबाई म्हणाल्या, त्यांनी तर आधी तपासून घ्यावं. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जायला लागलं तर एक दिवस घरी बसू नये. धुरपदाबाईंनी ऐकून घेतलं आणि टिकल्यांची थाळी उचलून खोलीत गेल्या.

शनिवारी दुपारी रंजना नळावर रडली. का रडते ते धुरपदाबाईंनी काढून घेतलं आणि लगेच म्हणाल्या, “तू घर ऱ्हाय. मी जास तुना बदला.”

रंजनानं नको म्हणून पाहिलं. धुरपदाबाईंनी सांगितलं, त्यात काय आहे, किसन सुकदेवचा बदली जातो तशी मी तुझी. “माले आते काय बसाडतीन? आनि बसाडं तरी काय बिघडस?” मला आता काय बसवणार, आणि बसवलं तरी काय बिघडणार. यावर दोघी हसल्या. रंजनाला हायसं वाटलं. धुरपदाबाई इतक्या चटकन कशा तयार झाल्या, हे तिला तेव्हा खटकलं नाही.

रविवारी संध्याकाळी धुरपदाबाईंनी स्टीलचा डबा रंजनाला आणून दिला. रंजनानं तो परत त्यांच्या हातात ठेवला. झोपली तू, डबा तुझा, असं ती म्हणाली. धुरपदाबाईंनी डबा पदराखाली घेतला. तपासताना दुखलं का, असं रंजनानं विचारलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरीन चांगली होती. आत बराच वेळ पाहत होती.

त्याच आठवड्याच्या शेवटी धुरपदाबाईंचा भाऊ आनंदा गावाकडून येताना पांडेसऱ्यात थांबला. तो दरवर्षी बारडोलीकडे ऊसतोडीला येई. हंगाम अर्ध्यावर आला होता आणि त्याची बायको दिवस भरत आल्यानं गावी परतली होती. ऊसतोडीत एकटा माणूस चालत नाही. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते. दोघं मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाशी बोली झालेली असते ती कोयत्याची. आनंदाचा कोयता अर्धा राहिला होता. धुरपदाबाईंनी टिकल्यांची थाळी भाच्याच्या बायकोकडे दिली, गाठोडं बांधलं आणि भावाबरोबर गेल्या.

रिपोर्ट फेब्रुवारीच्या मध्यावर आला. भागीरथीबाई तो घेऊन स्वतः घरी आल्या. रंजना मुलीला घेऊन दुकानात गेली होती. त्यांनी ती परत येईपर्यंत वाट पाहिली. एवढा वेळ बसल्या म्हणजे काही तरी आहे, हे सरलाबाईंनी ओळखलं. रंजना आल्यावर भागीरथीबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की नमुन्यातल्या पेशी बऱ्या दिसत नाहीत. याचा अर्थ कॅन्सर आहेच असा नाही, पण इस्पितळात येऊन पुढची तपासणी करायला हवी, आणि लवकर. बाजूला घेतलं म्हणजे दोन हात. खोली दहा बाय दहाची होती. सरलाबाईंनी सगळं ऐकलं.

रंजनाला पहिल्यांदा वाटलं ते असं, की हे माझं नाही. तसं वाटून बरं वाटलं. कोणाचं आहे, हे तिच्या मनात त्यानंतर आलं. तेवढ्यात सरलाबाईंनी तिला खाली बसवून तिच्या पाठीवर हात ठेवला होता. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं, असं रंजना पुढे म्हणाली. पण त्या वेळी तिच्यासमोर सासू होती, मास्तर होता, आणि गजेंद्रची कायम होण्याची यादी होती. भागीरथीबाई गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. शेजारणी येऊन बसल्या. रंजनाला भांडी घासू दिली नाहीत. गजेंद्रनं तंबाखू सोडली. सरलाबाईंनी गावच्या देवीला साडी बोलली आणि रात्री जेवताना म्हणाल्या की मूल होवो न होवो, बाई जगली पाहिजे. रंजनानं ताटातला घास खाली ठेवला. सगळ्यांना वाटलं की तिची भूक मेली आहे.

तिनं स्वतःशी असं ठरवलं की इस्पितळात जावं, डॉक्टरबाईंना एकटीला गाठून सांगावं. इस्पितळात गजेंद्र आणि सरलाबाई बरोबर आले. डॉक्टरबाईंनी तपासलं. रंजनाची ही आयुष्यातली पहिली तपासणी. तांबी कोणी बसवली नाही. डॉक्टरबाई दुर्बिणीसारख्या यंत्रातून बराच वेळ पाहत राहिल्या, कपाळाला आठ्या घातल्या आणि नर्सला गुजरातीत म्हणाल्या की इथं तर काहीच दिसत नाही. नमुना पुन्हा घेतला. रंजनानं तोंड उघडलं, पण पडद्यापलीकडे सरलाबाई उभ्या होत्या, त्यांची चप्पल खालून दिसत होती.

दुसरा रिपोर्ट निर्दोष आला. डॉक्टरबाईंनी पहिल्या वेळी काही चूक झाली असेल असं सांगितलं आणि माफी मागितली. डॉक्टरनं माफी मागितल्याचं सरलाबाईंनी पुढे अनेकांना सांगितलं. केस बंद झाली. गजेंद्रनं खात्यात पेढे वाटले. मास्तरनं दोन घेतले.

त्याच दिवशी दुपारी रंजना एकटी इस्पितळात गेली. भागीरथीबाई डबा खात होत्या. रंजना समोर उभी राहून म्हणाली, “ताई, ती मी नव्हती.”

भागीरथीबाईंनी घास संपवला. मग विचारलं, “काऊन व? कोण होती मग?”

रंजनानं सांगितलं. भागीरथीबाई रागावल्या नाहीत. त्यांना कणकेच्या गोळ्याशेजारी बसलेली, पाळी गेलेल्या बायांबद्दल विचारणारी बाई आठवली. बाईचं तोंड आठवलं, नाव कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी फक्त एवढं विचारलं की ती आता कुठे आहे. रंजना म्हणाली, उसात.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पहिली काच त्यांनी कपाटातून पुन्हा काढली, पाहिली आणि सांगितलं की हा प्रकार किती पुढे गेला आहे ते बाई तपासल्याशिवाय कळणार नाही. आत्ता आली तर बहुधा बरी होईल. पुढच्या वर्षी आली तर तसं म्हणता येणार नाही. दोन बायांची कागदं एका नावावर राहून गोंधळ होऊ नये म्हणून त्यांनी पहिला रिपोर्ट रंजनाच्या फाइलमधून काढला आणि आपल्या खणात वेगळा ठेवला. भागीरथीबाईंनी फाटकावरच्या वॉचमनला सांगून ठेवलं की धुरपदाबाई कोळी नावाची बाई आली तर तिला कुठेही न थांबवता सरळ वर पाठवायचं. वॉचमननं नाव पाठ केलं.

गजेंद्रला रंजनानं घरी सांगितलं. त्यानं आधी विचारलं की मिलमध्ये कोणाला कळलं आहे का. नाही, असं ती म्हणाली. मग म्हणाला, पेढे वाटले गं मी. आणि पुढच्या सुट्टीला सायकल बसच्या टपावर टाकून बारडोलीला गेला.

ऊसतोडीचे पडाव म्हणजे उसाच्या पाचटाच्या, माणूस वाकून आत जाईल अशा झोपड्यांच्या रांगा. शेतं संपली की पडाव उठतो आणि पुढे जातो. गजेंद्र पहिल्या दिवशी तीन पडाव फिरला. धुरपदाबाई कोळी तिथं कोणाला ठाऊक नव्हती. तिसऱ्या पडावावरच्या मुकादमाला त्यानं आनंदाचं नाव सांगितलं तेव्हा मुकादम म्हणाला, आनंदा होता ना आमच्यात, नवराबायको दोघं होते. गजेंद्र म्हणाला, बायको नाही, बहीण. मुकादम म्हणाला, बहीण कशी असेल? कोयता आहे तो. बोली झाली तेव्हा नवराबायको होते. मोळ्या बांधणारी आहे ती त्याची बायको. मग समजून घेतल्यासारखा म्हणाला की वयानं जरा मोठी वाटते खरी, पण कोणाच्या संसारात आपण कशाला बोलावं.

आनंदाची टोळी चार दिवसांपूर्वी कामरेजकडे हलली होती.

त्या पडावावर चहा दिला त्या बाईच्या झोपडीत गजेंद्रला स्टीलचा डबा दिसला. झाकणावर ट्रस्टचं नाव होतं. डबा कुठून आला, असं त्यानं विचारलं. बाई आधी सावध झाली, मग तिनं हसत सांगितलं. आनंदाच्या बाईनं दिला. भांडेवाली येते तिला आपण जुने कपडे देतो आणि भांडं घेतो. ही उलटी. हिनं भांडं दिलं आणि जुनी लुगडी घेतली. सुती पाहिजेत म्हणाली, मऊ झालेली. दोन दिली तर आणखी दोन मागितली. “एवढा चांगला डबा देऊन चिंध्या नेल्या. येडी आहे जरा.”

गजेंद्रला यात विशेष काही वाटलं नाही. घरी आल्यावर त्यानं ही गंमत म्हणून सांगितली. रंजना उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. सरलाबाई तोपर्यंत सगळं ऐकत होत्या. त्यांना बदलीबद्दल त्या क्षणी कळलं.  तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “तिले कोन्ही इचारं नही.” तिला कोणी विचारलं नाही. कोणी म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. नळावर धुरपदाबाईंच्या शेजारी रोज कपडे धुणाऱ्या बायांत त्याही होत्या.

त्यानंतर निरोप पाठवायचं ठरलं. कामरेजच्या पडावावरून टोळी पुन्हा हलली होती. गजेंद्रनं तिथल्या मुकादमाला, ऊस भरणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला आणि एका किराणा दुकानदाराला सांगितलं की आनंदा कोळीबरोबरच्या बाईला सांगा, सुरतेला ट्रस्टच्या इस्पितळात लगेच ये, तुझा रिपोर्ट आला आहे, तो रंजना गजेंद्र पाटील या नावावर आहे. बाईचं काय दुखतं, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. परक्या बाईबद्दल असं कसं सांगायचं. निरोप माणसामाणसांतून गेला. एप्रिलच्या अखेरीपर्यंत तो पोचला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

या काळात दोन गोष्टी झाल्या. कायम माणसांची यादी लागली आणि तीत गजेंद्रचं नाव होतं. आणि भागीरथीबाईंनी दुसऱ्या शिबिराची तयारी सुरू केली. या वेळी यादी नव्हती. कोणीही बाई यावी, विधवा असो, टिकल्या लावणारी असो. रंजना त्यांच्याबरोबर गल्लीत फिरू लागली. कणकेचा गोळा तीच मळे. तांबीची बातमी कोणी काढली की ती सांगे, मी टेबलावर झोपून आले आहे, काही बसवत नाहीत. बाया विचारत, दोनदा झोपलीस ना? ती म्हणे, एकदाच. बायांना वाटे, ती लाजते आहे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवारी, दुपारी एकच्या सुमारास इस्पितळाच्या केस खिडकीवरचा कारकून चहा घ्यायला आला आणि बोलता बोलता भागीरथीबाईंना म्हणाला की सकाळी तुमच्या त्या रंजनाबेन पाटील आल्या होत्या. फार खंगल्या आहेत बिचाऱ्या.

रंजना त्या वेळी भागीरथीबाईंच्या शेजारी बसून पत्रकांच्या घड्या घालत होती.

कारकुनाला पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा कळलं ते असं. दहाच्या आधी एक बाई खिडकीवर आली. बरोबर कोणी नव्हतं. काखेत गाठोडं. नाव विचारल्यावर तिनं रंजना गजेंद्र पाटील असं सांगितलं आणि रिपोर्ट आला आहे म्हणे, असं म्हणाली. कारकुनानं फाइल काढली. फाइलमध्ये एकच रिपोर्ट होता. वय अठ्ठावीस वाचून त्यानं वर पाहिलं होतं, पण पांडेसऱ्याच्या बायांचं वय कागदाशी जुळत नाही, हा त्याचा नेहमीचा अनुभव होता. त्यानं तिला सांगितलं, “रिपोर्ट एकदम चोख्खो छे, बेन. कंईज नथी. केस बंध.” बाईनं पुन्हा विचारलं, काहीच नाही? तो म्हणाला, काहीच नाही. मग तिनं विचारलं की अंगावर जातं ते मग कशानं. कारकून म्हणाला की ते डॉक्टरांना विचारावं लागेल, नवा केस काढावा लागेल, पण रिपोर्टमध्ये काही नाही म्हणजे उष्णतेनं असेल. बाई बाकावर थोडा वेळ बसली, पाणी प्यायली आणि गेली. जाताना तिनं खिडकीला नमस्कार केला.

फाटकावरच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, धुरपदाबाई कोळी नावाची कोणी आली नाही. आली असती तर सोडली नसती. त्यानं नाव बरोबर सांगितलं.

डॉक्टरबाईंनी पहिला रिपोर्ट खणातून काढून टेबलावर ठेवला.  मग त्यांनी तो दोन फाइलींत, दोन्ही नावांवर लावायला सांगितला.

रंजना आणि भागीरथीबाई रिक्षानं उधना स्टेशनवर गेल्या. भुसावळची गाडी निघून गेली होती. अमळनेरकडच्या त्या गावात शाळामास्तरच्या घरी फोन होता. गजेंद्रनं दुसऱ्या दिवशी बूथवरून लावला आणि आनंदाला बोलावून घ्यायला सांगितलं. आनंदा तासाभरानं फोनवर आला. त्याला मुलगा झाला होता, ते त्यानं आधी सांगितलं. मग म्हणाला, टोळी सुटली, आम्ही उधन्यापर्यंत बरोबर होतो. अक्का इस्पितळात जाऊन परत स्टेशनवर आली. खुशीत होती. रिपोर्ट चांगला आहे म्हणाली. मी म्हटलं, चल मग घरी, पोराला पाहा. तर म्हणाली, अंगात काही नाही तर बसून काय खाऊ? प्लॅटफॉर्मवर हजीऱ्याकडच्या बांधकामावर निघालेली एक टोळी भेटली होती. त्यांच्यातल्या एका बाईला ताप भरला होता, ती घरी परत चालली होती. तिची जागा जाऊ नये म्हणून अक्का तिच्या बदली गेली.

गजेंद्रनं विचारलं, कोणाच्या बदली? बाईचं नाव काय?

आनंदा म्हणाला, ते विचारलं नाही.

पुढच्या सुट्टीला गजेंद्र हजीऱ्याला गेला. बांधकामाच्या फाटकावर पास पाहून माणसं आत सोडत होते. त्यानं आपली एक बाई आत आहे, आजारी आहे, तिला बोलवायचं आहे, असं सांगितलं. फाटकावरचा माणूस चांगला होता. त्यानं वही जवळ ओढली आणि म्हणाला, “नाम बोलो.”

गजेंद्र म्हणाला, नाव माहीत नाही. तोंड ओळखतो. फाटकावरच्या माणसानं वही मिटली आणि बाजूला उभं राहायला सांगितलं.

संध्याकाळी पाळी सुटली. डोक्याला फडकी बांधलेल्या बाया सिमेंटनं पांढऱ्या झालेल्या बाहेर आल्या. गजेंद्र प्रत्येकीचं तोंड पाहत उभा राहिला. काही बायांनी त्याला शिव्या दिल्या. धुरपदाबाई त्यांत नव्हत्या. बाया बाहेर पडायला खाडीच्या बाजूला आणखी एक फाटक आहे, हे त्याला सगळ्या गेल्यावर कळलं.

येत्या रविवारी खाडीकडच्या फाटकावर रंजना उभी राहणार आहे. पहिल्या फाटकावर सरलाबाई उभ्या राहतील.